वाकड्या जागेवरची सरळ वास्तू : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे जीवनकार्य

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकांतून आजवर अनेक थोरांची चरित्रे प्रसिद्ध झाली. महात्मा फुले, राजर्षी शाहू महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, संत गाडगेबाबा ही नावे शाळेच्या भिंतींवर आहेत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मनांतही आहेत. यंदा मात्र आम्ही एका इंग्रज वास्तुकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्यांचे नाव. ते पुष्कळांना अपरिचित वाटेल. तथापि अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर किंवा अकोला येथून रेल्वेने मुंबईस गेलेल्या बहुतेकांनी त्यांचे काम पाहिलेले आहे. बोरीबंदरचे रेल्वे स्थानक त्यांनीच उभारले आणि त्या स्थानकासमोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी असलेली मुंबई महानगरपालिकेची इमारतही त्यांचीच.

हे चरित्र आताच लिहिण्यास एक निमित्त घडले. शाळेला मुलींच्या वसतिगृहासाठी मिळालेली नवी जागा तिकोनी आहे, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. एका अंगाने नाला, दुसऱ्या अंगाने तिरपा गेलेला रस्ता, आणि दोहोंच्या मध्ये पुढे निमुळती होत गेलेली ही जमीन. ती आपल्याला परवडली याचे कारणही तिचा आकारच होय. तिकोना प्लॉट अशुभ असतो या समजुतीने तो कोणी घेत नव्हते. आपल्याला त्या समजुतीशी कर्तव्य नव्हते. परंतु अडचण खरीच होती. तयार असलेला चौकोनी नकाशा त्या जागेवर ठेवून पाहिला, तेव्हा इमारतीचा एक कोपरा रस्त्यावर येऊ लागला आणि दुसरीकडे बरीच जमीन वाया जाऊ लागली. जागा बदलून घ्यावी, विकावी, की इमारतच लहान करावी, यावर सभांतून बराच खल झाला.

त्याच सुमारास ६ डिसेंबरला विद्यार्थ्यांसह आम्ही चैत्यभूमीस गेलो होतो. परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून मुलांना बोरीबंदर दाखविले. तेथे एका विद्यार्थ्याने विचारले, की समोरची मोठी इमारत रस्त्याकडे आपला कोपरा करून का उभी आहे. प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर आमच्या सभांतील वादाशीही जोडलेले होते. इतिहासाचे शिक्षक म्हणून त्याचे उत्तर शोधणे आम्हाला भाग पडले. हा लेख म्हणजे ते उत्तर होय.

बालपण आणि उमेदवारी

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि पिवळसर दगडाच्या देखण्या इमारतींसाठी नावाजलेले शहर. टेकड्यांच्या उतारावर, वळणावळणाने वसलेल्या या गावात इमारती जमिनीचा चढउतार आणि वळण पाहूनच उभ्या आहेत. अशा गावात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांवर काही संस्कार झाला असेल, तर नवल नाही.

त्या काळी वास्तुकार होण्याचा मार्ग उमेदवारीचा होता. जाणत्या वास्तुकाराच्या हाताखाली काही वर्षे नकाशे काढावेत, मोजमापे घ्यावीत, बांधकामावर उभे राहून काम पाहावे, अशी ती रीत. स्टीव्हन्स यांनी बाथ येथील वास्तुकार चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे उमेदवारी केली. पुढे भारतातील सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी त्यांची निवड झाली आणि १८६७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, ते हिंदुस्थानात आले. प्रारंभी त्यांची नेमणूक पुण्यास होती. नंतर ते मुंबईस गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः त्याच शहरासाठी वेचले.

१८६७ हे वर्ष आपल्या वऱ्हाडाच्याही इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून याच वर्षी नागपूरला पोहोचला. वऱ्हाडचा कापूस गाड्यांतून बैलांच्या चालीने समुद्राकडे जात असे, तो आता आगगाडीने जाऊ लागला. त्या मार्गाच्या मुंबईकडील टोकाशी जे भव्य स्थानक पुढे उभे राहिले, त्याचा कर्ता त्याच वर्षी या देशात उतरला, हा एक योगायोग होय.

तट पडला, जागा उरल्या

स्टीव्हन्स आले तेव्हा मुंबई बदलत होती. जुन्या मुंबईभोवती तट होता. अमरावतीकरांना तटाचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. निजामशाही अंमलात पेंढाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून बांधलेला आपल्या शहराचा परकोट, त्याचे दरवाजे आणि खिडक्या आजही उभ्या आहेत. जवाहर गेटच्या आत शिरले, की गल्ल्या कशा वळतात आणि घरांचे प्लॉट कसे निमुळते होतात, हे आपण रोज पाहतो. तटबंद शहरात वाट तटाच्या कलाने जाते, आणि वाटेच्या कलाने जमिनीचे तुकडे पडतात.

मुंबईत मात्र गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६२ पासून, तट पाडण्यास आरंभ झाला. तटाची आणि खंदकाची जमीन मोकळी झाली. तिच्यावर नवे रुंद रस्ते आखले गेले आणि त्यांच्या कडेने सरकारी इमारती, न्यायालय, विद्यापीठ, टपाल कचेरी यांची उभारणी सुरू झाली. पण तट गेला तरी त्याची वळणे जमिनीत राहिलीच. जुन्या तटाच्या कडेचा रस्ता एका दिशेने, मैदानाच्या कडेचा रस्ता दुसऱ्या दिशेने. आणि हे रस्ते जेथे एकमेकांना मिळाले, तेथे पाचरीच्या आकाराच्या जागा उरल्या. शहरातील वाकड्या जागेचा जन्म असा होतो. ती एखाद्याच्या चुकीने क्वचितच होते. दोन निरनिराळ्या काळांतील आखणी एकमेकींना भेटतात, आणि उरलेला तुकडा कोणाच्या तरी वाट्याला येतो.

पहिली मोठी वास्तू

स्टीव्हन्स यांचे पहिले महत्त्वाचे काम म्हणजे अपोलो बंदराजवळील रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७२ ते १८७६ या काळात ते बांधले गेले. बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या निवासासाठी ही वास्तू होती. तिच्यासाठी बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मोठी देणगी दिली होती. याच खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी पुढे सयाजीरावांना दत्तक घेतले, आणि सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस शिकावयास गेले, हे आपल्या वाचकांस ज्ञात आहेच.

या वास्तूचे पुढील आयुष्य आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले. १९२८ मध्ये मुंबई सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. बाबासाहेब १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर ते विधानसभेत निवडून आले. खलाशांच्या विश्रांतीसाठी उभारलेल्या घरात शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या प्रश्नांवर चर्चा झडल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर अमरावती आणि अकोल्याचे आमदारही याच वास्तूत बसू लागले. नवे विधान भवन होईपर्यंत ही व्यवस्था होती. आज तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. वास्तू बांधणाऱ्याच्या मनात नसलेले उपयोग तिला काळ कसे देतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बोरीबंदर

१८७८ मध्ये बोरीबंदर येथील स्थानकाच्या इमारतीचे काम सुरू झाले. आराखडा करण्यापूर्वी स्टीव्हन्स यांनी युरोपात जाऊन तेथील मोठी रेल्वे स्थानके पाहिली. सुमारे दहा वर्षे हे काम चालले आणि सोळा लाख रुपयांहून अधिक खर्च झाला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ मध्ये साजरा झाला, तेव्हा स्थानकास तिचे नाव दिले गेले. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखले जाते आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या इमारतीत युरोपातील गॉथिक शैलीच्या टोकदार कमानी आहेत. तिच्यावर दगडी घुमट आहे. आणि भिंतींवर मोर, माकडे, पाने, वेली यांचे या मातीतले कोरीवकाम आहे. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झाले. स्टीव्हन्स यांचे सहायक म्हणून सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन या दोन भारतीय अभियंत्यांनी काम पाहिले. स्थानकाची प्रशंसा करताना ही दोन नावे क्वचितच घेतली जातात, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

या कामाने स्टीव्हन्स यांची कीर्ती झाली. पुढे सरकारी नोकरी सोडून त्यांनी मुंबईतच स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यानंतर त्यांच्याकडे आले ते काम आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे.

बेचक्यातील इमारत

मुंबई महानगरपालिकेला स्वतःची कचेरी हवी होती. बोरीबंदर स्थानकासमोरची जागा तिला मिळाली. एका बाजूस हॉर्नबी रस्ता, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. दुसऱ्या बाजूस क्रुकशँक रस्ता, म्हणजे आजचा महापालिका मार्ग. हे दोन रस्ते स्थानकापुढच्या चौकाकडे येताना एकमेकांजवळ सरकत जातात. त्यांच्यामधली जमीन मागे रुंद आणि पुढे निमुळती. ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते कोनशिला बसविली गेली. कोनशिलेनंतर प्रत्यक्ष बांधकामास आरंभ होण्यास मात्र १८८९ साल उजाडले. मद्रासचे वास्तुकार रॉबर्ट चिझम यांचा भारतीय-इस्लामी वळणाचा आराखडा आणि स्टीव्हन्स यांचा गॉथिक वळणाचा आराखडा असे दोन्ही विचारात घेतले गेले आणि अखेर स्टीव्हन्स यांची निवड झाली.

अडचण कोणती होती, ते नीट समजून घेतले पाहिजे. निमुळत्या जागेवर चौकोनी इमारत ठेवली, तर दोन गोष्टी घडतात. पुढचे टोक रिकामे पडते, आणि दोन्ही रस्त्यांच्या कडेने तिकोनी पट्ट्या वाया जातात. उलट, जागेच्या कडा पाहून भिंती उभारल्या, तर जमीन पुरेपूर वापरली जाते. पण मग प्रत्येक खोलीच तिरपी होते. तिरप्या खोलीत खाट नीट बसत नाही, कपाट भिंतीला लागत नाही आणि कोपऱ्यांत केर साचतो. शिवाय टोकाशी जी खोली येते, ती तर कोणत्याच उपयोगाची राहत नाही. गावठाणातल्या तिकोन्या घरांत राहिलेल्यांना हा अनुभव असेलच.

स्टीव्हन्स यांनी मधला मार्ग काढला. इमारतीचे दोन हात केले आणि एकेक हात एकेका रस्त्याला समांतर ठेवला. त्या त्या हातातल्या खोल्या आपापल्या रस्त्याच्या काटकोनात राहिल्या. जमिनीचा सगळा वाकडेपणा मग एकाच ठिकाणी गोळा झाला, तो म्हणजे दोन हात जेथे मिळतात त्या सांध्यावर. तो सांधा त्यांनी लपविला नाही. टोक बोथट करून चौकाकडे तोंड असलेला दर्शनी भाग केला, तेथे मुख्य प्रवेशद्वार ठेवले आणि त्याच्यावर सव्वादोनशे फुटांहून उंच मनोरा चढविला. मनोऱ्याच्या माथ्यावर घुमट, बाजूंना लहान घुमट्या, आणि दर्शनी भागावर मुंबई नगरीचे प्रतीक म्हणून पंख असलेल्या स्त्रीची मूर्ती. ज्या टोकावर कोणी कचेरीची एक खोलीही मांडली नसती, तेच टोक संपूर्ण इमारतीचा चेहरा झाले.

यातील शहाणपण आम्हाला असे दिसते. प्रवेश, जिना, मनोरा यांना काटकोनी खोलीची गरज नसते. त्यांना माणसाची ये-जा आणि उंची हवी असते. म्हणून वाकडी जागा त्यांना द्यावी, आणि ज्यांत माणसे दिवसभर बसणार त्या खोल्यांना सरळ जागा द्यावी. समोर मोठा चौक होता. चारी दिशांनी येणाऱ्या माणसाची दृष्टी त्या टोकावरच पडणार होती. स्थानकासमोर उभे राहून आपल्याच पहिल्या कीर्तीशी त्यांना तुलना टाळता येणार नव्हती. त्यांनी ती टाळलीही नाही. दोन्ही वास्तू आज समोरासमोर उभ्या आहेत आणि एकमेकींना शोभा देतात.

इमारत ३१ जुलै १८९३ रोजी पूर्ण झाली. मंजूर अंदाजपत्रक ११,८८,०८२ रुपयांचे होते. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये झाला. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. सार्वजनिक काम अंदाजापेक्षा कमी खर्चात झाल्याचे उदाहरण आपल्या पिढीला अद्भुत वाटावे! जागेशी भांडून नव्हे, तर तिच्या कलाने केलेल्या आराखड्याचाही या बचतीत वाटा असावा, असे आम्हास वाटते.

ज्यांच्या हातांनी ती उभी राहिली

नकाशा स्टीव्हन्स यांचा. पण भिंती नकाशाने उभ्या राहत नाहीत. या इमारतीचे ठेकेदार होते व्यंकू बाळूजी कालेवार. हे नाव आपल्या परंपरेत परके नाही. मुंबईत स्थायिक झालेल्या तेलुगूभाषक बांधकाम ठेकेदारांपैकी ते एक, आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतील कार्यकर्ते. जया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, नरसिंगराव सायबू वडनाला यांच्यासारखे त्यांचे सोबती होते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला मुंबईत पाय रोवता आले, त्यात या मंडळींच्या कष्टाचा आणि पैशाचा मोठा वाटा आहे.

स्वतः जोतीराव हेही बांधकामाचे ठेकेदार होते. दगड, चुना, मजूर आणि हिशेब यांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. सार्वजनिक बांधकामातील लाचलुचपत आणि मजुरांची नाडवणूक त्यांनी जवळून पाहिली होती. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणूनही त्यांनी काही वर्षे काम केले. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर एका वर्षाच्या आत महापालिकेच्या इमारतीचे काम सुरू झाले, आणि ते चालू असतानाच २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले.

हा सारा इतिहास एकत्र पाहिला, की त्या वास्तूकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. जातीने ज्यांना विद्येचा अधिकार नाकारला, त्या समाजातला एक माणूस इंग्रज वास्तुकाराचा अवघड आराखडा वाचतो, दोन तिरप्या रस्त्यांमध्ये ओळंबा धरून भिंती उभ्या करवितो, आणि संध्याकाळी सत्यशोधकांच्या बैठकीत बसणाऱ्यांपैकीही तो असतो. सांधा जुळविण्याचे काम कागदावर जितके अवघड, त्याहून ते दगडात अवघड असते. तिरप्या कोनातला प्रत्येक दगड वेगळा घडवावा लागतो. काटकोनी चिरा तेथे चालत नाही. ते दगड घडविणारे पाथरवट, चुना मळणाऱ्या बाया, परातीतून माल वर नेणारे मजूर यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. चरित्र एकाचे लिहिले जाते. इमारत अनेकांची असते, एवढे भान वाचकांनी ठेवावे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या सभागृहात आरंभी सामान्य माणसाला जागा नव्हती. मतदानाचा अधिकार कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या थोड्यांनाच होता. ज्यांनी दगड वाहिले, त्यांना मत नव्हते. प्रौढ मताधिकाराने ती दारे सर्वांना उघडली, आणि तो अधिकार आपल्याला ज्या संविधानाने दिला, त्याचे शिल्पकार कोण, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. स्टीव्हन्स यांची थोरवी मान्य करताना त्यांच्या काळाची मर्यादा विसरणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही.

अखेरची वर्षे

महापालिकेच्या इमारतीनंतर स्टीव्हन्स यांच्याकडे कामांचा ओघ लागला. फ्लोरा फाउंटनजवळ, दोन रस्ते एकत्र येतात त्या ठिकाणी, ओरिएंटल विमा कंपनीच्या इमारतीचे काम त्यांनी केले. कोटातील चार्टर्ड बँकेची इमारत त्यांची. रतनसी मुळजी जेठा यांच्या नावाचे कारंजेही त्यांनीच आखले. चर्चगेट येथील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे मुख्यालय १८९४ ते १८९९ या काळात उभे राहिले. आज ते पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. काळसर दगडावर पांढऱ्या दगडाच्या रेघा असलेली ती इमारत लोकल गाडीने जाणाऱ्या लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर रोज असते.

१८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. त्या धामधुमीतही त्यांचे काम चालू राहिले. पण मुंबईच्या हवेने अखेर त्यांना गाठले. ५ मार्च १९०० रोजी हिवतापाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरनिद्रा मिळाली. त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी व्यवसाय पुढे चालविला.

विसाव्या वर्षी परक्या देशात आलेला हा माणूस तेहतीस वर्षे येथे राबला. राजसत्तेच्या वैभवासाठी त्याच्या वास्तू उभ्या राहिल्या, हे खरे. पण सत्ता गेली आणि वास्तू लोकांच्या झाल्या. बोरीबंदरावर आज वऱ्हाडातला शेतमजूर, विद्यार्थी, रुग्णाला घेऊन आलेला नातेवाईक उतरतो. आणि महापालिकेच्या इमारतीला लागून जाणाऱ्या त्याच दादाभाई नौरोजी मार्गावर, थोड्याच अंतरावर, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय आनंद भवनात उभे आहे. १९४६ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाला शहराच्या मध्यभागी जागा मिळविण्यासाठी बाबासाहेबांनी किती खटपट केली, हे सर्वश्रुत आहे. गरीब विद्यार्थ्याने सकाळी शिकावे आणि दिवसा नोकरी करावी, यासाठी महाविद्यालय शहराच्या मधोमधच हवे होते. तेथे मोकळी, चौकोनी, प्रशस्त जमीन मिळणार नव्हती. मिळेल त्या जागेत त्यांनी विद्यालय बसविले.

आपल्या वसतिगृहापुरते

मुंबईहून परतल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला आपल्या तिकोन्या जागेचे मोजमाप घेऊन कागदावर काढावयास सांगितले. त्याने व त्याच्या सोबत्यांनी दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन दोन दिवसांत ते केले. नंतर अभियंत्यांसमवेत बसून नवा आराखडा तयार झाला. एक हात रस्त्याच्या कडेने, दुसरा नाल्यापासून योग्य अंतर राखून नाल्याच्या कडेने. मुलींच्या खोल्या दोन्ही हातांत काटकोनी. पुढच्या निमुळत्या टोकाशी प्रवेश, जिना आणि अधीक्षिकांची कचेरी, म्हणजे आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर त्यांची नजर राहील. दोन हातांच्या मध्ये उरणारे तिकोनी अंगण मुलींना खेळावयास आणि सायंकाळच्या वंदनेस. चौकोनी नकाशापेक्षा या आराखड्यात खोल्या अधिक निघाल्या, हे आपण सोबतच्या पानावरील तक्त्यात पाहालच.

आपल्या समाजाच्या वाट्याला आजवर ज्या जागा आल्या, त्या बहुधा अशाच होत्या. गावकुसाबाहेरच्या, नाल्याकाठच्या, दुसऱ्यांनी नाकारलेल्या. चांगली जागा मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो आपण सोडता कामा नये. पण हाती असलेली जागा वाकडी आहे म्हणून मुलींचे वसतिगृह आणखी पाच वर्षे थांबविणे, हेही आपल्याला परवडणारे नाही. वाकडेपणा कोठे गोळा करावा आणि सरळ जागा कोणाला द्यावी, एवढे आधी ठरविले, तर उरलेले काम गवंड्याचे आणि आपल्या वर्गणीचे.

पायाभरणीचा दिवस लवकरच कळविण्यात येईल. माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी सहकुटुंब अगत्याने यावे. आणि येताना ज्यांच्या घरी बांधकामाचा वारसा आहे, मग ते गवंडी असोत, मिस्त्री असोत वा अभियंते, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांसही सोबत आणावे. या वसतिगृहाच्या शिळेवर मजुरांसह सर्वांची नावे कोरावयाची असे आम्ही ठरविले आहे.